दोन जागांच्या गोव्यात आपली जागा कुठे?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने गोव्यासंबंधी एक छोटे विधेयक मंजूर केले. गोवा विधानसभेत अनुसूचित जमातींसाठी राखीव जागा ठरवण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला. सभागृहात दुसऱ्याच विषयावर गदारोळ चालू होता, वर्तमानपत्रांनी बातमी कुठल्यातरी कोपऱ्यात छापली आणि विषय मागे पडला. गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांनी इतकी वर्षे रस्त्यावर उतरून जे मागितले, त्यातला एक तुकडा पदरात पडला. या लढ्यातल्या प्रत्येक कार्यकर्त्याचे आम्ही मनापासून अभिनंदन करतो.

पण अभिनंदन करताना दोन प्रश्न विचारायलाच हवेत. जे २००३ सालीच व्हायला हवे होते, त्याला बावीस वर्षे का लागली? आणि विधानसभेचा प्रश्न आता कुठे मार्गी लागत असताना, लोकसभेचा प्रश्न कोणी तोंडातूनही का काढत नाही?

गोव्याच्या संसदीय प्रतिनिधित्वाचा इतिहास आजवर जितका लिहिला गेला, तो जवळपास सगळा 'गोव्याला किती जागा' या हिशेबाने लिहिला गेला. त्या जागांवर कोण बसले, कोणाला बसता आले नाही आणि का, हा हिशेब कोणी मांडला नाही. तो मांडण्याचा प्रयत्न आम्ही इथे करत आहोत.

लिस्बनपर्यंत पोहोचलेले आणि न पोहोचलेले

गोव्याच्या संसदीय परंपरेचा अभिमान सांगणारे नेहमी पोर्तुगालपासून सुरुवात करतात. आणि ते खोटे नाही. १८२० च्या उदारमतवादी क्रांतीनंतर लिस्बनच्या संसदेत गोव्याला प्रतिनिधित्व मिळाले. बेर्नार्दो पेरिस द सिल्वा, कोंस्तांसियु रोक द कोस्ता आणि लिमा लैतांव हे त्या वेळचे प्रतिनिधी. पुढे १८६० च्या दशकात फ्रांसिश्कु लुईश गोमिश यांनी त्या संसदेत आपल्या वक्तृत्वाची छाप पाडली. ब्रिटिश हिंदुस्थानात अशा प्रतिनिधित्वाची चर्चाही नव्हती, तेव्हा गोव्याचा माणूस युरोपातल्या संसदेत बोलत होता, असे छाती फुगवून सांगितले जाते.

पण गोव्याचा कोणता माणूस? मताधिकार उत्पन्नाच्या, कराच्या आणि साक्षरतेच्या अटींनी जखडलेला होता. एकोणिसाव्या शतकातल्या गोव्याचे राजकारण म्हणजे मुख्यतः ख्रिस्ती बामण आणि ख्रिस्ती चारडो या दोन उच्च जातींची चढाओढ. धर्म बदलला, जात बदलली नाही. हिंदूंना कायद्याने बरोबरीचे नागरिकत्व मिळण्यासाठी १९१० च्या प्रजासत्ताकाची वाट पाहावी लागली. मग हिंदू महाराची, चांभाराची, गावड्याची गोष्टच सोडा. लिस्बनला जाणाऱ्या जहाजात जागा मिळण्याआधी गावच्या देवळात आणि इगर्जीत त्यांची जागा कुठे होती, हे आठवून पाहावे.

म्हणजे गोव्याला संसद लवकर मिळाली हे खरे. पण ती गोव्यातल्या मूठभरांना मिळाली.

नेमलेले, मग निवडलेले

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६२ मध्ये गोवा, दमण आणि दीव या केंद्रशासित प्रदेशासाठी लोकसभेत दोन सदस्य नेमण्यात आले : डॉ. पुंडलिक गायतोंडे आणि डॉ. आंतोनियु कुलासो. दोघेही डॉक्टर. गायतोंडे यांनी पोर्तुगीज सत्तेविरुद्ध भर समारंभात निषेध नोंदवून तुरुंगवास पत्करला होता. त्यांच्या त्यागाबद्दल आम्हाला आदर आहे. पण सुरुवात नेमणुकीने झाली, आणि नेमणूक नेहमी ओळखीच्या, शिकलेल्या, दिल्लीला दिसणाऱ्या माणसाची होते, हे नोंदवले पाहिजे.

डिसेंबर १९६३ मध्ये पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली आणि प्रस्थापितांना धक्का बसला. मुक्तीचे श्रेय घेऊन उभ्या राहिलेल्या काँग्रेसचा पार धुव्वा उडाला. गोमंतक मराठा समाजातून आलेल्या दयानंद बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने सत्ता मिळवली. लोकसभेच्या दोन्ही जागांवर मगो आणि प्रजा समाजवादी यांच्या बाजूचे उमेदवार निवडून आले : पणजीतून पीटर आल्वारिस आणि मुरगावातून मुकुंद शिंक्रे. भाटकारांच्या शेतात राबणाऱ्या कुळाने पहिल्यांदा मत दिले आणि पहिल्याच फटक्यात भाटकाराला सत्तेबाहेर बसवले. मताचे सामर्थ्य काय असते याचा हा धडा गोव्याच्या बहुजनांनी देशाला दिला. कुळ कायदा आला, गावोगाव मराठी शाळा उघडल्या. हे ऋण नाकारण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही.

मात्र 'बहुजन' या शब्दाच्या आतही पायऱ्या असतात. मगोच्या विजयाने बहुजनांतल्या मधल्या जातींना दरवाजा उघडून दिला. सर्वांत खालच्या पायरीवरच्यांना त्या दरवाजातून मतदार म्हणून आत घेतले, प्रतिनिधी म्हणून नाही.

पुढचा इतिहास नावांनी पाहा. १९६७ आणि १९७१ मध्ये मुरगावातून एराज्मु सिक्वेरा, १९७१ मध्ये पणजीतून पुरुषोत्तम काकोडकर, १९७७ मध्ये अमृत कांसार. एदुआर्द फालेरो १९७७ पासून सलग पाच निवडणुका जिंकले. १९८० मध्ये संयोगिता राणे निवडून आल्या. गोव्याने लोकसभेत पाठवलेली ती आजवरची एकमेव महिला. मग शांताराम नाईक, गोपाळ मयेकर, हरीश झांट्ये, रमाकांत खलप, चर्चिल आलेमांव, रवी नाईक, फ्रान्सिस सार्दिन, रमाकांत आंगले, नरेंद्र सावईकर. १९९९ पासून सलग सहा वेळा श्रीपाद नाईक, आणि २०२४ मध्ये दक्षिणेतून कॅप्टन विरियातो फर्नांडिस.

या यादीत हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत, भंडारी समाजासारख्या ओबीसी समाजातले लोकही आहेत. ते चांगलेच आहे. पण यातला एकही जण अनुसूचित जातीच्या किंवा जमातीच्या राखीव जागेवरून आलेला नाही. कारण अशी जागा गोव्यात कधी नव्हतीच. नेमणुकीपासून आजपर्यंत साठाहून अधिक वर्षे झाली. शून्य ते शून्यच राहिले.

३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाले, दमण-दीव वेगळे झाले आणि गोव्याला राज्यसभेची एक जागा मिळाली. पण राज्यसभेला आरक्षण लागू नाही. ती एक जागा विधानसभेतल्या बहुमतवाल्या पक्षाच्या खिशात असते.

५६६ : एका आकड्याची गोष्ट

विधानसभेतल्या जागांना बावीस वर्षे का लागली, याचे उत्तर एका आकड्यात आहे. २००१ च्या जनगणनेत गोव्यातली अनुसूचित जमातींची लोकसंख्या होती ५६६. होय, संपूर्ण राज्यात पाचशे सहासष्ट माणसे. २०११ च्या जनगणनेत तीच संख्या झाली १,४९,२७५.

दहा वर्षांत दीड लाख आदिवासी आभाळातून पडले का? नाही. ते डोंगरात, कुळागरांत, मिठागरांत आधीपासून होतेच. केपे, सांगे, काणकोण, फोंडा इथल्या वाड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. यादीत मात्र नव्हते. तोवर गोव्याच्या यादीत धोडिया, दुबळा, नायकडा, सिद्दी आणि वारली एवढीच नावे होती. गावडा, कुणबी आणि वेळीप यांना अनुसूचित जमाती म्हणून मान्यता मिळाली जानेवारी २००३ मध्ये. जनगणना त्याच्या दोन वर्षे आधीच होऊन गेली होती.

आणि २००८ ची मतदारसंघ पुनर्रचना कोणत्या जनगणनेवर झाली? २००१ च्या. मान्यता मिळून पाच वर्षे झालेल्या समाजाला, मान्यतेच्या आधीच्या आकड्यावर तोलले गेले आणि सांगितले गेले की तुम्ही ५६६ आहात, तुम्हाला जागा मिळत नाही. राज्यघटनेच्या कलम ३३२ ने दिलेला हक्क अशा रीतीने एका जुन्या रकान्यात अडकून पडला. २५ मे २०११ रोजी बाळ्ळी इथल्या आदिवासी आंदोलनात दोन तरुणांचा जीव गेला, तेव्हाही कागदावर गोव्यात राजकीय हिशेबापुरते आदिवासी पाचशे सहासष्टच होते.

मोजणी ही तटस्थ गोष्ट नसते. कोणाला कोणत्या रकान्यात घालायचे हे ठरवणारा माणूसच कोणाला किती सत्ता मिळणार हे ठरवत असतो.

हीच गोष्ट अनुसूचित जातींची. २०११ मध्ये गोव्यात त्यांची संख्या २५,४४९, म्हणजे १.७४ टक्के. चाळीस आमदारांच्या विधानसभेत आज त्यांच्यासाठी पेडणे ही एकच जागा राखीव आहे. पण हा आकडा तरी पूर्ण आहे का? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच अनुसूचित जातीत गणले जाते. गोव्यातल्या ख्रिस्ती महारांना आणि ख्रिस्ती चांभारांना जात चुकली नाही, पण जातीच्या यादीतून मात्र त्यांना वगळले गेले. जिथे इतक्या मोठ्या संख्येने धर्मांतर झाले, तिथे हा १.७४ टक्के आकडा निमूट मानून घ्यायचा कशासाठी?

दोनच्या भागाकारात कोण उरत नाही

आता लोकसभेच्या गणिताकडे येऊ. कलम ३३० सांगते की राज्यातल्या एकूण लोकसंख्येत अनुसूचित जाती-जमातींचे जे प्रमाण असेल, शक्य तितक्या त्या प्रमाणात त्या राज्याच्या लोकसभा जागा राखीव असाव्यात. उत्तर प्रदेशात ८० जागा आहेत, तिथे हे प्रमाण नीट उतरते. महाराष्ट्रात ४८ आहेत, तिथेही उतरते. गोव्यात जागा दोन.

दोनला १०.२३ टक्क्यांनी गुणा. उत्तर येते ०.२०. अनुसूचित जातींचे उत्तर येते ०.०३. जवळचा पूर्णांक शून्य. दोन जागांच्या राज्यात राखीव जागा मिळायची तर त्या समाजाची लोकसंख्या साधारण एक चतुर्थांश हवी. त्रिपुरातही दोनच जागा आहेत, पण तिथे जमातींचे प्रमाण तीस टक्क्यांच्या वर असल्याने एक जागा जमातींसाठी राखीव आहे. मात्र त्याच त्रिपुरात सतरा टक्क्यांहून जास्त असलेल्या अनुसूचित जातींना शून्य. म्हणजे हा प्रश्न एकट्या गोव्याचा नाही. प्रत्येक छोट्या राज्यातल्या छोट्या समाजाचा आहे.

काही जण म्हणतील, पुढे लोकसभेच्या जागा वाढतील, तेव्हा बघू. गणित करून पाहा. गोव्याच्या जागा दुप्पट होऊन चार झाल्या, तरी जमातींचा वाटा ०.४१ च राहतो. अर्ध्याच्या पुढे जाण्यासाठी पाच जागा लागतात. अनुसूचित जातींना तर लोकसभेत एक जागा मिळण्यासाठी गोव्याला एकोणतीस खासदार असावे लागतील!

आणि गंमत पाहा. राज्य म्हणून गोव्याला झुकते माप आहे. साठ लाखांपेक्षा कमी लोकसंख्येच्या राज्यांना लोकसंख्या आणि जागा यांच्या समान गुणोत्तराच्या अटीतून राज्यघटनेनेच सूट दिली आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात एका खासदारामागे सुमारे २३ लाख ४० हजार लोक आहेत, गोव्यात सुमारे ७ लाख ३० हजार. म्हणजे राज्य लहान आहे म्हणून त्याचा आवाज दबू नये, हे तत्त्व देशाने मान्य केले. मग त्या राज्यातला समाज लहान आहे म्हणून त्याचा आवाज दबू नये, हे तत्त्व का मान्य नाही? भूगोलाला वजन द्यायचे आणि माणसाला नाही, हा कोणता न्याय?

लक्षद्वीपची एकूण लोकसंख्या सुमारे ६४ हजार. तिथली लोकसभेची एकमेव जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे, आणि ती असायलाच हवी. गोव्यातले आदिवासी लक्षद्वीपच्या सगळ्या लोकसंख्येच्या दुपटीहून जास्त आहेत. त्यांच्या वाट्याला लोकसभेत काही नाही. गोव्यात पाचव्या अनुसूचीखालचे अनुसूचित क्षेत्रही नाही. वनहक्क कायद्याखालचे हजारो दावे वर्षानुवर्षे रखडले. खाणींनी केपे-सांग्यातली गावे पोखरली. हे सगळे कायदे कुठे होतात? दिल्लीत. आणि दिल्लीत हा प्रश्न आपला म्हणून मांडणारा माणूस कोण?

बाबासाहेबांनी हे आधीच पाहिले होते

१९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेबांनी मांडलेला मुद्दा साधा होता. मतांचे प्रतिनिधित्व पुरेसे नाही, माणसांचेही प्रतिनिधित्व हवे. आपल्या वतीने दुसरा कोणी चांगले बोलतो म्हणून आपला हक्क पूर्ण होत नाही. गोव्याचे खासदार आदिवासींसाठी कधीच बोलले नाहीत असे आम्ही म्हणत नाही. पण दुसऱ्याच्या तोंडाने बोलणे म्हणजे प्रतिनिधित्व नव्हे, ती फार तर कृपा.

१९५५ मध्ये भाषावार राज्यांवर लिहिताना बाबासाहेबांनी छोट्या राज्यांची बाजू घेतली, पण इशाराही दिला. राज्य लहान असले की एखादी जात तिथे सहज वरचढ होते आणि बाकीचे तिच्या दयेवर जगतात. त्यावर त्यांनी उपायही सुचवला : एकसदस्यीय मतदारसंघांऐवजी दोन किंवा तीन सदस्यांचे मतदारसंघ आणि त्यात एकवटून मत देण्याची सोय. मतदाराला जितक्या जागा तितकी मते, आणि हवी तर ती सगळी एकाच उमेदवाराला देण्याची मुभा.

१९५२ आणि १९५७ मध्ये देशात द्विसदस्यीय मतदारसंघ होते. पण त्यात एकाच उमेदवाराला दोन्ही मते देण्यास मनाई होती. १९५२ मध्ये उत्तर मुंबईच्या अशाच मतदारसंघात खुद्द बाबासाहेबांचा काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांनी चौदा हजारांहून अधिक मतांनी पराभव केला. राज्यघटनेच्या शिल्पकाराला लोकसभेबाहेर ठेवणारी ही पद्धत होती. पुणे कराराची किंमत आणखी कोणत्या शब्दांत सांगायची? १९६१ मध्ये हे द्विसदस्यीय मतदारसंघही कायद्याने बंद झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस गोवा भारतात आला. म्हणजे बाबासाहेबांचा उपाय गोव्यात वापरूनच पाहिला गेला नाही.

गोव्याची एकूण लोकसंख्या पंधरा लाखांच्या आसपास. संपूर्ण गोवा हा एकच द्विसदस्यीय मतदारसंघ केला आणि एकवटून मत देण्याची सोय ठेवली, तर एक तृतीयांशाहून किंचित जास्त मते मिळवणारा उमेदवार हमखास निवडून येईल. अनुसूचित जाती-जमाती मिळून गोव्यात बारा टक्के आहेत, म्हणजे एकट्याने ते शक्य नाही हे आम्ही प्रामाणिकपणे कबूल करतो. पण बारा टक्क्यांना मच्छीमार, कुळे, मुंडकार, धनगर आणि ओबीसींमधला वंचित वर्ग यांच्याशी बरोबरीने युती करून दिल्लीला जाता येईल. आज युती होते तेव्हा आपण फक्त मते देतो. तेव्हा उमेदवारही आपला असू शकेल.

आक्षेप आणि मागण्या

पहिला आक्षेप : आदिवासी आमदार खुल्या जागांवरूनही निवडून आलेच ना? आले. त्यांच्या कर्तृत्वाने आले. पण ज्या दिवशी पक्षाला तिकीट नाकारावेसे वाटेल, त्या दिवशी त्यांच्यामागे कोणता हक्क उभा असेल?

दुसरा आक्षेप आपल्याच चळवळीतून येतो : राखीव जागांवर पक्षांचे चमचेच बसतात, मग त्या मागायच्या कशाला? कांशीरामजींनी १९८२ मध्ये हेच दुखणे उघड केले होते आणि ते आजही खरे आहे. पण राखीव जागेवर कोण बसतो यासाठी भांडायला आधी जागा तरी हवी. शून्यावर कसले भांडण?

२०२६ नंतरच्या जनगणनेच्या आधारे पुनर्रचना होणार आहे. जनगणनेत जातींचीही मोजणी होणार आहे. म्हणून आत्ताच बोलले पाहिजे. आमचे म्हणणे असे :

एक, छोट्या राज्यांमध्ये शून्यात विरून जाणारे अनुसूचित जाती-जमातींचे अपूर्णांक देशपातळीवर एकत्र करून त्यातून राखीव जागा निर्माण कराव्यात. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत असेल तर ती करावी. राज्यांना सूट देण्यासाठी घटना बदलता येते, तर माणसांसाठीही येते.

दोन, दोन-तीन जागांच्या राज्यांत बाबासाहेबांनी सुचवलेली बहुसदस्यीय पद्धत आणून पाहावी.

तीन, गोव्याच्या राज्यसभेच्या जागेवर आदिवासी आणि दलित उमेदवार पाठवण्याची जबाबदारी पक्षांनी घ्यावी. त्याला कोणताही कायदा आडवा येत नाही, फक्त नियत आडवी येते.

चार, येत्या जनगणनेत वाडी-वाडीवर आपल्या कार्यकर्त्यांनी उभे राहावे. आपले नाव कोणत्या रकान्यात लिहिले जाते ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. पाचशे सहासष्टचा अनुभव एकदा पुरे झाला.

विधानसभेच्या राखीव जागा म्हणजे लढ्याचा शेवट आहे, असे गोड बोलून कोणी सांगू लागले तर ऐकू नका. पणजीत जागा मिळाली, दिल्ली अजून बाकी आहे.

जय भीम. जय आदिवासी.